लॅमिनेशन केलेला पासवर्ड

मी एक जुना संगणक आहे. मूळचा रंग काळा. आता धूळ, तेल आणि ऊन यांनी मिळून जो ठरवला आहे तो. मोशीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, लेथ मशीनपासून चार हात लांब, भिंतीतल्या लोखंडी फळीवर माझं बिऱ्हाड आहे. मला पडदा नाही, कीबोर्ड नाही, माऊस नाही. नवा माणूस आला की मला बंद पडलेला समजतो आणि माझ्यावर हेल्मेट ठेवतो. पण मित्रांनो, मी चालू आहे. नुसता चालू नाही, सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे काय, ते या शेडमधल्या लोकांनाही आधी माहीत नव्हतं, त्यामुळे तुम्ही संकोच करू नका.

माझा जन्म कुठे झाला ते मला नक्की सांगता येत नाही. माझा पंखा एका देशातला, मेंदू दुसऱ्या देशातला आणि पत्र्याचा डबा तिसऱ्याच. माणसांमध्ये असं असलं की लग्न जमताना चौकशा होतात. आमच्यात त्याला जुळणी म्हणतात आणि वर वॉरंटी देतात.

माझी पहिली नोकरी चाकणच्या एका कारखान्यात. उत्पादनाचे तक्ते तयार करण्यासाठी मला घेतलं होतं. प्रत्यक्षात माझ्यावर कँटीनचा मेनू, निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं आणि ‘सूचनापेटीत सूचना टाकाव्यात’ ही सूचना तयार होत असे. तरीही ते दिवस मानाचे होते. खंडेनवमीला मला पुसून हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत. एका वर्षी सीडीच्या खाचेत अक्षता गेल्या. त्या अजून आत आहेत. माझ्या आयुष्यात आतपर्यंत पोचलेला तेवढाच सन्मान.

मग नवे संगणक आले. सडपातळ, शांत, चालू झाल्यावर न कण्हणारे. लोक मला मंद म्हणू लागले. मी मंद नव्हतो, मित्रांनो. दर वर्षी माझ्यावर आधीपेक्षा जड प्रणाली लादली जाई. म्हाताऱ्याच्या पाठीवर रोज एक पोतं वाढवायचं आणि म्हणायचं, हल्ली हा चालत नाही. शेवटी मला स्टोअरमध्ये नेलं आणि माझ्यावर पाण्याचा जार ठेवला. जारला स्टँड हवा होता, तो मिळाला, म्हणून स्टोअरकीपरचं कौतुकही झालं. पुढे भंगार निघालं तेव्हा जार मागे राहिला आणि मी गेलो.

भंगारवाल्याच्या ढिगातून मला भीमराजभाऊंनी उचललं. भाऊ आयुष्यभर पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. तिथली माणसं कमी झाली तेव्हा यांनी हे शेड उभं केलं. राहायला पिंपळे गुरवला, जीव मोशीला. त्यांना उपयोगी वस्तू टाकून दिलेली बघवत नाही. टाकून दिलेली वस्तू उपयोगी आहे की नाही हे ते घरी आणल्यावर ठरवतात. मला आणलं आणि पुन्हा एका कोपऱ्यात ठेवलं. पण जार ठेवला नाही, हा फरक मला कळला.

या शेडमध्ये चाकणच्या एका मोठ्या कंपनीसाठी बुश बनतात. बुश म्हणजे गाडीच्या दांड्याभोवती बसणारी पोकळ नळी. लहानशी वस्तू, पण केसभर कमीजास्त झाली तर दांडा आत जात नाही, आणि गेला तर खडखडतो. तिचं माप ड्रॉइंगमध्ये असतं. कंपनी मधूनच माप बदलते आणि नवं ड्रॉइंग पाठवते. ते ड्रॉइंग शेडमध्ये व्हॉट्सअपच्या ग्रुपवर टाकलं जाई. त्याच ग्रुपवर सकाळी उगवता सूर्य, दुपारी पगाराची चौकशी आणि संध्याकाळी गुडघेदुखीवरचा उपाय येई. एकदा एक ड्रॉइंग गुलाबाचं फूल आणि गुडघा यांच्यामध्ये अडकलं. लेथवरच्या विक्कीने वर सरकवत सरकवत जे पहिलं सापडलं ते उघडलं. ते जुनं होतं. टेम्पोभर बुश चाकणला गेल्या आणि त्याच टेम्पोने परत आल्या.

त्यांच्या मागोमाग रणजीत साहेब आले. हे कंपनीचे इंजिनिअर. माल पुरवणाऱ्यांची तपासणी करणं हे त्यांचं काम. माणूस सभ्य. वाईट बातमी देताना चहा पूर्ण पितात.

“भीमराजभाऊ, माप चुकलं ते आपण बघू,” ते म्हणाले. “पण आमचं ड्रॉइंग तुमच्या ग्रुपवर फिरतंय. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे?”

“आपलीच माणसं, साहेब.”

“काम सोडून गेलेला माणूस ग्रुपमधून काढता का?”

भाऊंनी फोन काढून ग्रुपमधली नावं वाचायला घेतली. काम सोडून गेलेला एकजण समोरच्या गल्लीतल्या शेडमध्ये होता, आणि त्या शेडचा या बुशवर जुना डोळा होता.

“पुढच्या ऑडिटला मी येईन,” रणजीत साहेब म्हणाले. “तोपर्यंत ड्रॉइंग एका जागी, कुलपात पाहिजेत. पाहिजे त्यालाच दिसली पाहिजेत आणि ताजी दिसली पाहिजेत. नाहीतर मला ड्रॉइंग परत न्यावी लागतील. ड्रॉइंग गेली की काम गेलं.”

ही एकच कंपनी या शेडचं मोठं गिऱ्हाईक. ती गेली असती तर शटर खाली आलं असतं. संध्याकाळी भाऊ फोनवर लेकीला सांगत होते, “या वयात आता परत कुणाच्या गेटवर उभा राहू, बाळा?” ते वाक्य मी कोपऱ्यातून ऐकलं. गेटवरून बाहेर काढलेल्यांना ते वाक्य लवकर कळतं.

लेक म्हणजे आम्रपाली. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत कामाला. रविवारी ती आली. नवा संगणक आणायला हवा असं सगळ्यांना वाटत होतं. तिने शेडमध्ये नजर फिरवली आणि मला बघून म्हणाली, “हा चालतो का?”

मित्रांनो, एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सगळे थेट उत्तर देत.

तिने मला उघडलं, धूळ काढली, अक्षता राहू दिल्या, आणि माझ्यातली ती जुनी जड प्रणाली पुसून टाकली. तिच्या जागी दुसरी घातली: हलकी, मोकळी, कोणालाही वापरता येणारी.

“केवढ्याला पडली?” भाऊंनी विचारलं.

“फुकट आहे, पप्पा.”

“फुकट म्हणजे खोट काय आहे तिच्यात?”

“खोट नाही. ओपन सोर्स आहे. म्हणजे मशीनबरोबर मशीनचं ड्रॉइंगपण देतात. बिघडलं तर कुणीही उघडून दुरुस्त करू शकतो. कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायचं नाही.”

हे भाऊंना एकदम पटलं. कंपनीच्या माणसाची वाट बघण्यात त्यांची उमेद गेली होती. पण लगेच दुसरी शंका आली. “ड्रॉइंग सगळ्यांकडे असेल तर चोराकडेपण असणार की.”

“कुलूप आतून कसं असतं ते गावातल्या सगळ्या कारागिरांना माहीत असतं. म्हणून तुमचं कपाट उघडतं का? चावी तुमच्याकडे असते ना.”

जेवणानंतर सुरुवात केली आणि चहाच्या वेळेला मी सर्व्हर झालो होतो. कारखान्यात मला साधा प्रिंटर जोडायला याहून जास्त वेळ लागायचा आणि वर वरिष्ठांची सही लागायची. इथे तिने मोजक्या ओळी लिहिल्या. नको त्या सगळ्या वाटा बंद केल्या, फक्त एक दार ठेवलं. त्या दारातून होणारं बोलणं वाटेत कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ते सांकेतिक केलं. त्याची खूण म्हणून फोनवर छोटं कुलूप दिसतं. दुरुस्त्या आल्या की माझ्या मीच बसवून घ्याव्यात अशी सोय केली. सगळ्या ड्रॉइंगची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर कपाटात ठेवली. मग पडदा, कीबोर्ड, माऊस काढून घेतले. “याला आता काही लागत नाही,” ती म्हणाली. निवृत्तीच्या समारंभात अशी वाक्यं मी बरीच टाइप केली होती. खरं निघालेलं हे पहिलंच.

आता भाऊंनी किंवा सुपरवायझरने लेथजवळ उभं राहून फोनवर माझा पत्ता उघडायचा, पासवर्ड टाकायचा, की समोर ताजं ड्रॉइंग. जुनं दिसतच नाही. गुलाब नाही, गुडघा नाही.

फक्त एका गोष्टीवरून बापलेकीचं वाजलं. भाऊंना घरूनही ड्रॉइंग बघायची होती. ती म्हणाली, शेडच्या वायफायमध्ये पासवर्ड पुरेल. बाहेरून यायचं असेल तर फोनमध्ये वेगळी चावी बसवावी लागेल. चावी नसेल तर बाहेरच्याला दारच दिसणार नाही. ती बसवताना भाऊंच्या फोनने इतके प्रश्न विचारले की ते वैतागले.

“नुसता पासवर्ड ठेव की. स्वतःच्या बापावर विश्वास नाही?”

“बापावर आहे. बापाच्या वायफायवर नाही.”

चावी तिने बसवलीच. भाऊ त्या रात्री जेवताना तिच्याशी बोलले नाहीत, असं दुसऱ्या दिवशी त्यांनीच शेडमध्ये अभिमानाने सांगितलं.

इथे सयाजींची ओळख करून द्यायला हवी. सयाजी हे या शेडचे सुपरवायझर. चाकणकडच्या जुन्या गावचे. एका कारखान्यात ते टापटिपीचे प्रमुख होते. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला नाव, प्रत्येक नावाला पाटी. या पद्धतीला तिकडे ‘फाइव्ह एस’ म्हणतात, त्याच्या स्पर्धा होतात आणि ढाली मिळतात. सयाजींच्या घरी अशा इतक्या ढाली आहेत की त्यांनाही पाटी लावावी लागली. शेडमध्ये आल्यापासून त्यांनी बादलीवर ‘बादली’, आरशावर ‘आरसा’ आणि दाराच्या आतल्या बाजूला ‘बाहेर’ असं लिहिलं होतं. पाटी नसलेली वस्तू दिसली की त्यांना झोप लागत नसे.

आणि फळीवर मी होतो. पाटीविना.

त्यांनी माझ्यासाठी खास पाटी केली. संगणकावर टाइप करून, रंगीत छापून, लॅमिनेशन करून माझ्या छातीवर चिकटवली. वर मोठ्या अक्षरात ‘वेब सर्व्हर’. खाली ‘जबाबदार व्यक्ती: सयाजी’. त्याखाली माझा पत्ता. आणि त्याखाली लाल चौकटीत पासवर्ड. तो आता बदललाय, म्हणून सांगायला हरकत नाही: वांगी, स्पॅनर, गुरुवार, टोपी. आम्रपालीने मुद्दाम असे असंबद्ध शब्द घेतले होते, कुणाला अंदाज येऊ नये म्हणून. सयाजींना एकच खंत होती. शब्द लांब असल्यामुळे अक्षरं थोडी बारीक करावी लागली.

मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो. पण मला आवाज म्हणजे पंख्याचा. मी तो वाढवून बघितला. सयाजींनी माझ्यासमोर टेबलफॅन ठेवला.

पुढच्या रविवारी ऑडिटची तयारी चालली होती. ऑडिट सोमवारी. घरी बसल्या बसल्या आम्रपालीने सहज माझं पान उघडलं आणि ड्रॉइंगच्या जागी विक्कीच्या भाच्याचा फोटो आला. डोळ्यांवर गॉगल, मागे वाघ, खाली ‘वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’. भाचा दोन वर्षांचा असावा. आम्रपाली स्कूटर काढून थेट मोशीला आली.

“विक्की, आत कसा गेलास? पासवर्ड तर पप्पांकडे आणि काकांकडे आहे. तुला कुणी दिला?”

“दिला कुणी न्हाई, ताई. लिहिलाय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. पाटी लाल चौकटीपर्यंत वाचली. मी आयुष्यात एवढा लाजलो नव्हतो.

“सयाजीकाका,” ती शेवटी म्हणाली, “हे काय आहे?”

“पाटी,” सयाजी म्हणाले. “बारीक झालीय जरा.”

“काका, पासवर्ड लिहून लावायचा नसतो.”

“आन् मग कळायचं कसं? मी गावाला गेलो, भाऊ आजारी पडले, तर कामगारानं काय करायचं? मशीन समोर हाय आन् उघडायचं कसं ते ठाऊक न्हाई. ह्यालाच तर आमी बेशिस्त म्हन्तो.”

खरं सांगायचं तर मित्रांनो, प्रश्न रास्त होता. पण सयाजींचं बोलणं संपलं नव्हतं. आनंदाची बातमी त्यांनी शेवटी ठेवली होती.

“आन् फोटोबी टाकलाय. कंपनीच्या ग्रुपवर. आदीचा कोपरा आन् आताचा कोपरा. लय अंगठे आलेत.”

“कुठल्या ग्रुपवर?”

“समद्या पुरवठादारांच्या.”

त्या ग्रुपवर चाकणच्या कंपनीला माल देणारे सगळे होते. रणजीत साहेब होते. समोरच्या गल्लीतलं शेडही होतं. सगळ्यात पहिला अंगठा त्यांचाच. फोटो जाऊन आठवडा होत आला होता. आता तो मागे घेता येत नव्हता, आणि फोटो मोठा करून बघितला तर वांगी स्पष्ट वाचता येत होती.

भीमराजभाऊ स्टुलावर बसले. त्यांच्या हातात एक बुश होती, ती ते बोटाभोवती फिरवत राहिले.

“तू म्हणाली होतीस, सुरक्षित आहे.”

“आहे, पप्पा.”

“मग तुझा चेहरा का उतरलाय?”

“मी मशीन सुरक्षित केलं होतं. शेड नाही.”

तिने लॅपटॉप काढून मला सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. बाहेर दार शोधत फिरणारे पुष्कळ होते. आत आलेला बाहेरचा एकही नव्हता. शेडमधून विक्कीचा भाचा तेवढा शिरला होता. तिने पासवर्ड बदलला, भाच्याला निरोप दिला आणि प्रत्येकाला ज्याचा त्याचा वेगळा पासवर्ड करून दिला. विक्कीला ड्रॉइंग बघता येईल, बदलता येणार नाही. माणूस काम सोडून गेला की त्याचं नाव एका ओळीत निघेल. सयाजींच्या प्रश्नालाही उत्तर मिळालं: मुख्य पासवर्ड लिफाफ्यात घालून भाऊंच्या कपाटात, डिस्कशेजारी.

“पण साहेबांनी फोटो बघितला असणार,” भाऊ म्हणाले. “ते काही बोलले नाहीत तर आपण कशाला बोलायचं?”

“आपणच आधी सांगायचं, पप्पा.”

“सांगितलं आणि ड्रॉइंग उचलून नेली तर?”

“न सांगता नेली तर जास्त वाईट वाटेल.”

सोमवारी रणजीत साहेब आले. आम्रपालीने रजा घेतली होती. चहा ठेवला गेला आणि साहेबांनी पहिला घोट घ्यायच्या आत भाऊ उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. पाटी, फोटो, वाढदिवस. काही गाळलं नाही. सयाजी मधेच म्हणाले, “साहेब, भाऊंचा दोष न्हाई. पाटी माजी.”

रणजीत साहेबांनी चहा पूर्ण प्यायला. मला वाटलं, झालं.

“फोटो मी बघितला होता,” ते म्हणाले. “पासवर्डपण वाचला. म्हटलं, बघू तर खरं. रोज जेवण झाल्यावर घरी बसून प्रयत्न केला.”

भाऊंनी स्टूल जवळ ओढलं.

“पासवर्ड हातात आहे, पण तो टाकायला जागाच येत नाही. दार समोर दिसतच नाही. शेवटी बायको म्हणाली, तो फोन खाली ठेवा आता.” ते आम्रपालीकडे वळले. “कसं केलंत तुम्ही?”

तिने चावीबद्दल सांगितलं. बाहेरचा फोन आधी ओळख पटवतो, मगच दार दिसतं. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं, मग ड्रॉइंग उघडून बघितली, विक्कीला एक बदलायला सांगितलं, त्याला ते बदलता आलं नाही हे पाहिलं, आणि सही केली.

“शेऱ्यात काय लिहू?” ते म्हणाले. “कुलूप चांगलं, पाटी वाईट?”

“पाटी वाईट न्हाई, साहेब,” सयाजी म्हणाले. “मजकूर वाईट हाय.”

साहेब हसले. पहिल्यांदाच त्यांनी दुसरा चहा मागितला. भीमराजभाऊ परत स्टुलावर बसले आणि त्यांनी इतका लांब श्वास सोडला की माझ्यावरची धूळ हलली. जाताना ते लेकीला एवढंच म्हणाले, “चल, आज घरी मी मटण आणतो.” माझ्या माहितीप्रमाणे या बापलेकीत याला माफी म्हणतात.

माझ्या छातीवर आता नवी पाटी आहे. पाटीशिवाय ठेवायला सयाजी तयार झाले नाहीत, आणि मजकुरावर आम्रपालीची सही घ्यायची असं ठरलं. वर ‘वेब सर्व्हर’, खाली जबाबदार व्यक्ती, त्याखाली हेल्मेट ठेवू नये अशी विनंती. आणि लाल चौकटीत लिहिलं आहे, ‘पासवर्ड: आहे.’

तर मित्रांनो, जुन्या यंत्राला फार काही लागत नाही. अधूनमधून धूळ काढा. दुरुस्ती आली की ‘नंतर’ म्हणू नका. ते नंतर कधी येत नाही, दुसरं कोणीतरी येतं. जे दार वापरात नाही ते बंद ठेवा, आणि आपलं माणूस रुसलं तरी बंद ठेवा. सगळ्याची एक प्रत दुसरीकडे असू द्या. ज्याने कुलूप लावलं त्याला, आणि ज्याने पाटी लावली त्यालाही, एकदा समोरासमोर बसवून चहा पाजा. आणि मला टाकून देण्याआधी, मी चालतो का, एवढं विचारा.

आज सकाळपासून लेथ चालू आहेत. चाकणचा टेम्पो भरून गेला, तो परत आलेला नाही. दिवसभरात माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सर्व्हरच्या आयुष्यात याहून चांगला दिवस नसतो.